जुन्या नकाशाची प्रतिकृती हाताने कशी करावी

जुना नकाशा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तपकिरी पडलेला, सुरकुतलेला, कडा जळाल्यासारखा कागद उभा राहतो, आणि घरात लावण्यासाठी प्रतिकृती करायला बसलेले अनेक जण सर्वांत आधी चहाचे पाणी उकळायला ठेवतात. सोळाव्या-सतराव्या शतकातला, बऱ्या स्थितीतला छापील नकाशा पाहिला तर मात्र वेगळेच दिसते. त्या काळचा युरोपीय कागद लिनन आणि सुती चिंध्यांच्या लगद्यापासून तयार होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा जो स्वस्त कागद रूढ झाला, त्याच्याप्रमाणे तो पिवळा पडून ठिसूळ होत नाही. ॲटलासमध्ये मिटून राहिलेली पाने आजही फिकट सायीच्या रंगाची असतात आणि त्यांवरची रेषा काळीशार असते. तपकिरी झाले ते प्रामुख्याने भिंतीवर टांगायचे मोठे नकाशे, कारण त्यांवर चढवलेले वॉर्निश काळाबरोबर गडद होत गेले. म्हणून प्रतिकृती जुनी वाटावी असे वाटत असेल, तर डागांपेक्षा रेषा, अक्षर आणि रंग ज्या क्रमाने व ज्या रीतीने मूळ नकाशावर आले त्याकडे अधिक लक्ष द्यावे. पुढचे मार्गदर्शन त्याच क्रमाने आहे.

कोणता नकाशा घ्यावा

पहिल्याच प्रयत्नात जगाचा नकाशा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्टिन वाल्डसीम्युलरचा १५०७ चा नकाशा अनेकांना मोह घालतो, कारण ‘अमेरिका’ हे नाव त्यावर पहिल्यांदा आले. त्याची एकच ज्ञात प्रत उरली असून ती लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००३ मध्ये एक कोटी डॉलरना घेतली. परंतु हा नकाशा मुळात १२ पत्रकांवर छापलेला आहे आणि ती जोडल्यावर त्याची रुंदी सव्वादोन मीटरहून अधिक भरते. तो एका कागदावर बसवण्यासाठी लहान केला, की अक्षरे इतकी बारीक होतात की टाकाने ती लिहिता येत नाहीत, आणि मोठी करून लिहिली तर नकाशाची सारी घडण बिघडते.

हाताला झेपणारे नकाशे साधारण तीन घराण्यांचे आहेत. पहिले घराणे कातड्यावर हाताने काढलेल्या सागरी नकाशांचे, म्हणजे पोर्टोलानांचे. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून भूमध्य समुद्रातल्या खलाशांनी वापरलेल्या या नकाशांत किनारा अतिशय तपशिलाने येतो आणि जमिनीचा आतला भाग बहुधा मोकळाच असतो, त्यामुळे काम कमी आणि परिणाम मोठा असा हा प्रकार नवशिक्याला सोयीचा पडतो. दुसरे घराणे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या ॲटलासच्या पानांचे. १५७० मध्ये अब्राहम ऑर्टेलियसने अँटवर्पमध्ये पहिला आधुनिक म्हणता येईल असा ॲटलास काढला आणि पुढच्या शतकात ॲमस्टरडॅमच्या ब्लाऊ घराण्याने ही कला शिखरावर नेली. त्यांची पाने साधारण ५० सेंमी रुंदीची असतात, म्हणजे घरातल्या भिंतीला आणि सामान्य टेबलाला बरोबर बसणारी. तिसरे घराणे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीच्या नकाशांचे. त्यांत अलंकार कमी आणि अचूकपणा जास्त असतो. ते देखणे असतात, पण त्यांतल्या डोंगरांच्या शेकडो बारीक तिरप्या रेषा काढताना धीर सुटतो, म्हणून ते पुढच्या टप्प्यासाठी ठेवावेत.

निवड करताना नकाशातल्या चुका दोष मानू नयेत. सतराव्या शतकातल्या कितीतरी नकाशांत कॅलिफोर्निया हे बेट म्हणून दाखवलेले आहे. ते मुख्य भूमीला जोडून ‘सुधारले’, तर प्रतिकृतीचा अर्थच हरवतो. त्याचबरोबर नकाशाच्या कोपऱ्यातले शीर्षकाचे अलंकृत चित्र, म्हणजे कार्टूश, काय सांगते हेही पाहून घ्यावे. जेम्स रेनेलच्या १७८२ च्या ‘हिंदुस्तान’च्या नकाशावर ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे स्त्रीरूप, पंडितांकडून हिंदूंचे पवित्र ग्रंथ आपल्या संरक्षणात स्वीकारताना दाखवली आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून हे चित्र मोलाचे आहे, पण ते रोज आपल्या बैठकीत दिसावे का, याचा निर्णय काम सुरू करण्यापूर्वीच घेतलेला बरा.

मूळ प्रतिमा मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेस, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘गॅलिका’ हे संकेतस्थळ आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातला डेव्हिड रम्सी संग्रह यांनी हजारो नकाशे मोठ्या आकारात पाहण्यासाठी व उतरवून घेण्यासाठी खुले केले आहेत. नकाशा जुना असल्याने त्यावर कोणाचा हक्क उरलेला नसतो, पण त्याच्या प्रतिमेच्या वापराला संस्थेने अटी घातलेल्या असू शकतात. घरासाठी एक प्रत करताना सहसा अडचण येत नाही, विकायचा विचार असेल तर मात्र त्या अटी नीट वाचाव्यात. प्रतिमेची रुंदी किमान ६००० पिक्सेल असावी, कारण ५० सेंमी रुंदीच्या नकाशासाठी इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने सुमारे ५९०० पिक्सेल लागतात. त्याहून लहान प्रतिमेत गावांची नावे पुसट होतात आणि मग आपण अक्षरे नव्हे, अंदाज उतरवू लागतो.

कागद आणि मोजमाप

कागद शंभर टक्के सुती आणि आम्लमुक्त घ्यावा. जाडी चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान असावी, कारण याहून जाड कागदातून खालची रेषा दिसत नाही आणि याहून पातळ कागद रंगाच्या पाण्याने लाटा धरतो. पृष्ठभाग गुळगुळीत हवा. जलरंगाच्या खडबडीत कागदावर निब अडकते आणि शाई उडते. उजेडासमोर धरल्यावर एकमेकींजवळ असलेल्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, दोन-तीन सेंमी अंतरावरच्या ठळक रेषा दिसतील असा जाळीदार बनावटीचा कागद मिळाला तर सर्वोत्तम, कारण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात हाताने बनणारा सगळा कागद असाच असे. पोर्टोलानासाठी खरे कातडे वापरण्याची गरज नाही. किंचित पिवळसर, थोडा जाड आणि घट्ट सुती कागद पुरेसा होतो.

छापील नकाशाची प्रतिकृती असेल, तर रेखाटनाच्या आधीच एक लहानसे काम उरकून घ्यावे, ज्याने प्रतिकृतीचे रूप पालटते. तांब्याचा पत्रा दाबयंत्रात ओल्या कागदावर दाबला गेला की त्याच्या कडांचा ठसा कागदात कायमचा उमटतो, आणि जुना नकाशा ओळखणारा माणूस सर्वांत आधी हा ठसा शोधतो. तो आणण्यासाठी दीड मिमी जाडीचा, नकाशाच्या चौकटीपेक्षा सर्व बाजूंनी सुमारे एक सेंमी मोठा प्लास्टिकचा गुळगुळीत पत्रा घ्यावा, त्याचे कोपरे किंचित गोल करावेत आणि कडा पॉलिशपेपरने घासून तिरप्या कराव्यात. कागद स्पंजाने सर्वत्र सारखा दमट करून तो दर्शनी बाजू खाली करून पत्र्यावर ठेवावा आणि पत्र्याच्या कडेच्या बाजूबाजूने चमच्याच्या पाठीने दाबत जावे. नंतर टीपकागदांच्या मध्ये, वजनाखाली तो पूर्ण वाळू द्यावा. कागदाला जुनेपणाची हलकी छटा द्यायची असेल तर तीही याच टप्प्यावर द्यावी. त्याविषयी पुढे येईल.

मोजमापासाठी मूळ प्रतिमा साध्या कागदाच्या तुकड्यांवर छापून, तुकडे जोडून एक पूर्ण आकाराचा नमुना करावा. छापण्यापूर्वी प्रतिमेच्या कडेला १० सेंमीची एक रेषा टाकावी आणि छापल्यावर ती पट्टीने मोजावी, कारण छपाईयंत्रे कागदाला बसवण्याच्या नादात आकार नकळत कमी करतात. मूळ नकाशापेक्षा आकार एखाद्या दशांशाने लहान किंवा मोठा ठेवणे हा प्रामाणिक प्रतिकृतीकारांचा संकेत मला फार योग्य वाटतो. त्याने शोभा कमी होत नाही आणि आपली प्रत कधीकाळी खरी म्हणून कोणाच्या माथी मारली जाण्याची शक्यताही उरत नाही.

रेषा

हा नमुना लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, ठेवून त्यावर कागद चिकटपट्टीने चार कोपऱ्यांत हलकेच बसवावा. लाइटबॉक्स नसेल तर दिवसाउजेडी खिडकीची काच चालते, मात्र उभ्या काचेवर टाक धरला की शाई निबेत परत जाते, म्हणून तेथे फक्त पेन्सिलीने रेखाटावे आणि शाईचे काम टेबलावर करावे. पेन्सिल एचबी किंवा टू-एच असावी आणि दाब अगदी कमी ठेवावा.

शाई पाण्याने न विरघळणारी हवी, हा नियम मोडता येत नाही, कारण तिच्यावरून नंतर जलरंग जायचा आहे. रंगद्रव्याची काळी जलरोधक शाई घ्यावी आणि कागदाच्या तुकड्यावर रेष काढून, ती वाळल्यावर ओला कुंचला फिरवून परीक्षा करावी. तपकिरी शाई वापरण्याचा मोह छापील नकाशाच्या प्रतिकृतीत टाळावा. कोरलेल्या पत्र्यावरून छापताना काजळीसारखे काळे रंगद्रव्य आणि जवसाचे तेल यांची शाई वापरत असत, आणि ती आजही काळीच दिसते. तपकिरी झाली ती हस्तलिखितांतली लोहयुक्त शाई. म्हणजे पोर्टोलानासाठी गडद तपकिरी शाई योग्य, ॲटलासच्या पानासाठी काळी.

कोरणीच्या रेषेचा स्वभाव समजून घेतला की हात आपोआप सुधारतो. कारागीर कोरणी पत्र्यात घालून पुढे ढकलतो, तेव्हा रेषेची सुरुवात अणकुचीदार होते, मध्यावर ती जाडावते आणि शेवटी पुन्हा निमुळती होते. एकाच जाडीचे आधुनिक तांत्रिक पेन ही रेषा देऊ शकत नाही, आणि अशा पेनाने केलेली प्रतिकृती दुरूनच शाळेतल्या आराखड्यासारखी दिसते. त्यासाठी नकाशाकामाची बारीक, लवचिक निब टाकात घालून वापरावी आणि दाब कमी-अधिक करत रेष ओढावी. नदी नेहमी उगमाकडून मुखाकडे काढावी, म्हणजे दाब हळूहळू वाढवत नेला की ती आपोआप रुंद होत जाते.

क्रम असा ठेवावा. आधी चौकट काढावी आणि तिचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत याची खात्री करावी, कारण चौकट दोन मिमी तिरकी झाली तरी फ्रेममध्ये बसवल्यावर ती डोळ्यांना खुपते. मग अक्षवृत्ते, रेखावृत्ते आणि चौकटीवरच्या अंशांच्या काळ्या-पांढऱ्या खुणा कराव्यात. त्यानंतर किनारा आणि नद्या घ्याव्यात. डोंगर, जंगले आणि समुद्राची छायारेखने येथेच सुरू करू नयेत. त्यांच्याआधी अक्षरे लिहून घ्यावीत, म्हणजे छायारेखन अक्षरांच्या भोवती थांबवता येते. डोंगरावरून गेलेले नाव हे घाईत केलेल्या प्रतिकृतीचे ठळक लक्षण असते.

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कोरलेल्या नकाशांत किनाऱ्याची छाया समुद्राच्या बाजूला लहान आडव्या रेषांनी दाखवतात. किनारा कसाही वळला तरी या रेषा आडव्याच राहतात आणि त्यांची लांबी कमी-जास्त असते. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या, बाहेर जाता जाता विरळ होणाऱ्या पाणरेषा नंतरच्या काळातल्या. दोन्ही पद्धती एका नकाशात मिसळू नयेत. ऑर्टेलियसच्या ॲटलासमधल्या बऱ्याच पानांवर समुद्र बारीक ठिपक्यांनी भरलेला आहे. तो परिणाम सुंदर असतो, पण ठिपके भरताना ओळी तयार होऊ लागतात, म्हणून थोडे थोडे करून वेगवेगळ्या जागी काम करावे. डोंगर लहान उंचवट्यांच्या स्वरूपात, एकामागे एक काढावेत. प्रकाश डावीकडून येतो असे धरून प्रत्येकाच्या उजव्या उतारावर छाया द्यावी.

पोर्टोलानात यांपैकी फारसे काही नसते, मात्र दिशारेषांचे जाळे असते. त्यासाठी पेन्सिलीने एक मोठे वर्तुळ काढून त्याच्या परिघाचे १६ सारखे भाग करावेत आणि ते बिंदू एकमेकांना जोडावेत. आठ मुख्य वाऱ्यांच्या, म्हणजे दिशांच्या, रेषा काळ्या किंवा तपकिरी, त्यांच्या मधल्या अर्ध्या वाऱ्यांच्या हिरव्या आणि पाव वाऱ्यांच्या तांबड्या, असा त्या काळचा संकेत आहे. वर्तुळ नंतर खोडून टाकावे. नावे किनाऱ्याला काटकोनात, जमिनीच्या बाजूला लिहावीत आणि महत्त्वाच्या बंदरांची तांबड्या शाईत लिहावीत. अशा नकाशाला वरची बाजू एकच नसते, तो टेबलावर फिरवत वाचायचा असतो, त्यामुळे काही नावे उलटी दिसली म्हणून गोंधळून जाऊ नये.

अक्षरे

नकाशाच्या प्रतिकृती बहुतेक वेळा अक्षरांवर फसतात. गेरार्डुस मर्केटरने आपल्या १५६९ च्या प्रसिद्ध जगाच्या नकाशाच्या कितीतरी आधी, १५४० मध्ये, तिरप्या लॅटिन अक्षरांच्या लेखनावर स्वतंत्र पुस्तिका काढली होती, यावरून नकाशाकाराला अक्षराचे किती महत्त्व वाटत असे ते लक्षात येते. ती तिरपी, जोडलेल्या वळणांची अक्षरे युरोपभर नकाशांवर रूढ झाली. देशांची नावे सरळ मोठ्या अक्षरांत, गावांची लहान तिरप्या अक्षरांत आणि समुद्रांची लांबलचक शेपट्या व वेलबुट्ट्या असलेल्या तिरप्या अक्षरांत, अशी विभागणी ठेवावी. समुद्राच्या रिकाम्या जागेत अक्षरांच्या शेपट्या मोकळेपणाने फिरू द्याव्यात, कारण ती जागा त्यासाठीच असते.

प्रत्येक नावासाठी पेन्सिलीच्या दोन रेषा आखाव्यात आणि तिरपेपणासाठी पुठ्ठ्याचा एक कोन कापून ठेवावा. अक्षरे चालू असताना हाताखाली स्वच्छ कागद घ्यावा, कारण त्वचेचे तेल लागलेल्या जागी नंतर रंग बसत नाही. चुकलेले अक्षर पूर्ण वाळल्यावर धारदार पात्याने हलकेच खरवडावे आणि जागा नखाने घोटून पुन्हा लिहावे. पांढरा रंग लावून चूक झाकली तर ती कायमची दिसत राहते.

मूळ नकाशाच्या शैलीत देवनागरी अक्षरे घालून स्वतःची आवृत्ती करायची असेल, तर बोरूने लिहिलेले बाळबोध वळण नकाशावर फार शोभून दिसते. मात्र शिरोरेखा बारीक ठेवावी किंवा लहान नावांत ती तुटक द्यावी. जाड शिरोरेखा नकाशात सीमारेषेसारखी किंवा रस्त्यासारखी भासते, आणि नदीच्या वळणाबरोबर वळवलेले नाव तर तिच्यामुळे अवघडून बसते. लॅटिन अक्षरे वक्र रेषेवर सहज चालतात, देवनागरीला सरळ किंवा अगदी हलके वळण मानवते. अशी आवृत्ती काटेकोर अर्थाने प्रतिकृती राहत नाही, पण ती वाचली जाते, आणि घरातल्या नकाशाच्या बाबतीत मला ती गोष्ट कमी महत्त्वाची वाटत नाही.

रंग

जुन्या छापील नकाशांवरचा रंग छापलेला नसे. प्रत्येक प्रत हाताने रंगवली जाई आणि हा स्वतंत्र व्यवसाय होता. खुद्द ऑर्टेलियसने १५४७ मध्ये अँटवर्पच्या कलाकारांच्या संघात नकाशे रंगवणारा म्हणूनच प्रवेश घेतला होता. त्यामुळे एकाच नकाशाच्या दोन प्रती वेगवेगळ्या रंगांत आढळतात, आणि प्रतिकृतीकारालाही रंगाच्या बाबतीत बरेच स्वातंत्र्य मिळते.

स्वातंत्र्य असले तरी पद्धत ठरलेली आहे. एक तर संपूर्ण प्रदेश पातळ रंगाने भरतात, किंवा केवळ सीमेच्या आतल्या बाजूने रंगाचा अरुंद पट्टा फिरवतात, जो सीमेकडे गडद आणि आत जाता जाता विरळ होत जातो. घरासाठी दुसरी पद्धत मला अधिक रुचते, कारण कोरलेली रेषा तीत दबत नाही. पट्टा काढताना दोन कुंचले जवळ ठेवावेत. एकाने सीमेलगत रंग लावावा आणि तो ओला असतानाच दुसऱ्या, फक्त पाण्याने ओल्या कुंचल्याने त्याची आतली कड विरवून टाकावी. शेजारच्या प्रदेशाचा पट्टा पहिला पूर्ण वाळल्यावरच घ्यावा. गावांच्या खुणांवर तांबड्याचा एक ठिपका, झाडांवर हिरव्याचा, डोंगरांच्या छायेवर पातळ तपकिरी, एवढ्यानेच पान जिवंत होते. समुद्र पूर्ण निळा भरू नये. किनाऱ्यालगत निळ्याची किंवा हिरवट निळ्याची एक बारीक धार पुरे.

जुने रंग मुख्यतः खनिज, वनस्पती आणि कीटकांपासून मिळत: तांब्याच्या गंजापासून होणारा जंगाल, किड्यापासून मिळणारा किरमिजी, झाडाच्या चिकापासून मिळणारा पिवळा गॅम्बोज, नीळ, अझुराइटचा निळा, हिंगूळ आणि शेंदूर. हे सर्व बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवत. यांतले काही रंग विषारी आहेत आणि काही टिकाऊ नाहीत, म्हणून अस्सलपणाच्या हट्टाने ते घरात आणू नयेत. जंगालाने तर पुढे कागदच खाल्ला आहे. जुन्या नकाशाच्या मागच्या बाजूला हिरव्या भागाचा तपकिरी पडसाद उमटलेला दिसतो आणि कधी कधी तेथे कागद तडकलेलाही असतो. आधुनिक जलरंगांत जंगालासाठी विरिडियन या हिरव्यात थोडा पिवळा ऑकर मिसळावा, किरमिजीसाठी क्विनाक्रिडोन जातीचा लाल घ्यावा आणि अझुराइटसाठी कोबाल्ट निळा पुष्कळ पाण्यात पसरावा. ट्यूबवर प्रकाशात टिकण्याची प्रत छापलेली असते, ती सर्वांत वरची किंवा तिच्या खालची असेल तरच रंग घ्यावा. भिंतीवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या वस्तूत स्वस्त रंग वापरले, तर लाल आणि पिवळे आधी उडून जातात आणि मागे फक्त निळसर सांगाडा उरतो.

रंग नेहमी वाटतो त्याहून पातळ करावा. खालची काळी रेष आणि अक्षर रंगातून स्वच्छ वाचता आले पाहिजे. कार्टूश आणि होकायंत्राचे चक्र मात्र या नियमाला अपवाद मानावेत. तेथे रंग दाट लावावा, हवे तर सोनेरी रंगाची किंचित रेघही ओढावी, कारण मूळ नकाशांवरही महागड्या प्रतींत तसे करत.

जुनेपणा किती आणावा

थोडक्यात उत्तर असे, की जवळजवळ नाही. चहा आणि कॉफीतली आम्ले कागदाला खरोखरच लवकर म्हातारे करतात, आणि त्यांचा डाग सर्वत्र सारखा किंवा ढगाळ पडतो, जसा वयाने कधीच पडत नाही. त्याऐवजी पिवळा ऑकर आणि कच्चा अंबर हा तपकिरी रंग यांचे अतिशय पातळ पाणी रेखाटनाच्या आधीच, दमट कागदावर रुंद कुंचल्याने फिरवावे आणि कडांकडे ते जरा गडद करावे. ॲटलासच्या पानाला मधोमध उभी घडी असते, तेव्हा सर्व काम झाल्यावर पान एकदा घडी घालून उलगडावे आणि घडीवर त्याच पाण्याची एक फिकट रेघ द्यावी. खालच्या दोन कोपऱ्यांत, जेथे पाने उलटणारी बोटे लागत, अगदी हलकी छटा शोभते. जळालेल्या कडा, खोटी वाळवीची भोके आणि ग्रंथालयांचे बनावट शिक्के यांना फाटा द्यावा. पहिल्या दोन गोष्टी नाटकी दिसतात आणि तिसरी अप्रामाणिक आहे.

शेवटी कागदाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मूळ नकाशाचे नाव, त्याच्या कर्त्याचे नाव, मूळ साल, आपले नाव आणि प्रतिकृती केल्याचे साल लिहावे. शाईने लिहू नये, ती पुढे झिरपू शकते.

भिंतीवर लावणे

फ्रेम करताना कागद काचेला टेकता कामा नये. आम्लमुक्त माउंटबोर्डची खिडकी मध्ये ठेवली की आवश्यक ती पोकळी आपोआप राहते. नकाशा पाठीच्या पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवू नये. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावून त्यांवर तो टांगता सोडावा, म्हणजे हवामानाप्रमाणे त्याला आकुंचन-प्रसरणाला वाव मिळतो. सेलोटेप कुठेही लावू नये, कारण त्याचा चिकट थर कागदात मुरून पिवळा पडतो आणि नंतर निघत नाही. फ्रेमची पट्टी अरुंद, काळी किंवा गडद लाकडी असावी. नकाशावरच वेलबुट्टी पुरेशी असताना फ्रेमवर आणखी नक्षी घेतली, तर दोन्ही फिकी पडतात.

मोठ्या नकाशासाठी दुसरा, जुना आणि मला अधिक आवडणारा पर्याय आहे. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या चित्रांत घराच्या भिंतींवर जे नकाशे दिसतात, ते काचेच्या फ्रेममध्ये नसून वर-खाली लाकडी दांड्या लावून टांगलेले असतात. यासाठी धुतलेला मांजरपाट फळीवर ताणून बसवावा, त्यावर पातळ खळ सारखी पसरावी, नकाशा मागून दमट करून अलगद ठेवावा आणि मध्यापासून कडांकडे मऊ ब्रशने हवा काढत जावे. हे करण्यापूर्वी त्याच शाईचा व रंगाचा एक लहान तुकडा चिकटवून पाहावा. सर्व काही ताणलेले असतानाच पूर्ण वाळू द्यावे आणि मगच फळीवरून सोडवावे. वॉर्निश लावू नये. ते जुन्या रीतीला धरून असले, तरी तेच त्या नकाशांच्या काळवंडण्याला कारण झाले. उघडा नकाशा धूळ धरतो, म्हणून तो स्वयंपाकघराजवळ किंवा दाराच्या समोर टांगू नये.

जागा निवडताना थेट ऊन पडणारी भिंत आधी बाद करावी, मग स्नानगृहाला लागून असलेली आणि बाहेरून ओल धरणारी. संग्रहालयांत कागदावरील कामांसाठी सुमारे ५० लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) एवढाच मंद प्रकाश ठेवतात. घरात इतका अंधार ठेवणे शक्य नसते, पण अतिनील किरण रोखणारी काच आणि नकाशावर थेट न मारलेला एलईडी दिवा यांनी बरेच साधते. नकाशाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी उंचीवर यावा, म्हणजे उभ्या माणसाला नावे वाचता येतात. सोफ्याच्या वर लावायचा असेल, तर तो थोडा खाली आणावा, फार वर टांगलेला नकाशा केवळ नक्षी होऊन राहतो. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या लहान गोट्या लावाव्यात, जेणेकरून भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळती राहील. दमट ऋतू संपल्यावर दरवर्षी एकदा फ्रेम उतरवून तिची मागची बाजू पाहावी. पुठ्ठ्यावर बुरशीचे ठिपके दिसले तर नकाशा काढून कोरड्या, सावलीच्या जागी वाळवावा, पुठ्ठा बदलावा आणि त्या भिंतीवर तो पुन्हा लावू नये.